रेनियर द ग्राफ: अंडं न पाहता अंड्याचा पत्ता शोधणारा डॉक्टर

सोनोग्राफीच्या स्क्रीनवर राखाडी ठिपक्यांच्या गर्दीत एक काळा गोल दिसतो. डॉक्टर त्याच्या दोन कडांवर दोन खुणा ठेवतात, मधे तुटक रेघ येते आणि कोपऱ्यात आकडा उमटतो. बाईची तपासणी चालू असेल तर साधारण २० मिलिमीटर. तबेल्यात घोडीची तपासणी चालू असेल तर तोच आकडा ४० च्या पुढेही जातो. हा काळा गोल म्हणजे अंडाशयातली पाण्याने भरलेली पिशवी. तिच्या आत बीजांड वाढत असतं. डॉक्टर तिला फॉलिकल म्हणतात, मराठी पाठ्यपुस्तकात ती पुटिका असते, आणि पूर्ण वाढलेल्या पिशवीचं नाव आहे ग्राफियन फॉलिकल.

हे नाव आपण परीक्षेपुरतं पाठ करतो आणि विसरून जातो. पण यातला ग्राफ कोण? मी या साइटवर एरवी कॅमेरे, सेन्सर आणि डिस्प्ले यांच्याबद्दल लिहितो, आणि ग्राफची गोष्ट मला याच विभागातली वाटते. कारण ती एका अडचणीची गोष्ट आहे: जी वस्तू शोधायची आहे ती तुमच्या हातातल्या साधनाने दिसतच नसेल, तर काय करायचं? रेनियर द ग्राफला सस्तन प्राण्यांचं अंडं शोधायचं होतं. त्याच्याकडे कात्री होती, पिचकारी होती आणि दोन डोळे होते. अंडं त्या डोळ्यांना दिसण्याइतकं मोठं नव्हतं. मग त्याने मोजायला सुरुवात केली.

चला, सुरुवातीपासून पाहूया.

त्याच्या आधी काय समजूत होती?

कोंबडी अंडं घालते हे कोणालाही दिसतं. पण गाय, कुत्री, घोडी किंवा बाई यांच्या पोटात गर्भ नेमका कशापासून तयार होतो, हे सतराव्या शतकापर्यंत युरोपात कोणालाच ठाऊक नव्हतं. ॲरिस्टॉटलचं मत असं होतं की पुरुषाचं बीज आकार देतं आणि स्त्रीचं रक्त फक्त कच्चा माल पुरवतं. गॅलेन या वैद्याच्या मते स्त्रीलाही स्वतःचं बीज होतं. त्यामुळे आज आपण ज्याला अंडाशय म्हणतो त्या अवयवाला तेव्हा चक्क स्त्रीचं वृषण म्हटलं जायचं. पुरुषाच्या अवयवाची ही एक कमी प्रतीची नक्कल आहे, अशी ती समजूत.

मग आला विल्यम हार्वे. शरीरात रक्त गोल फिरतं हे दाखवणारा तोच. त्याला राजा पहिला चार्ल्स याच्या शिकारीतली हरणं मिळायची. विणीच्या हंगामात मारलेल्या हरिणींची गर्भाशयं त्याने एकामागून एक उघडून पाहिली. समागमानंतर अनेक आठवडे त्याला आत काहीच सापडलं नाही. हरिणीचा सुरुवातीचा गर्भ बारीक धाग्यासारखा असतो आणि तो सहज नजरेतून सुटतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. सगळे प्राणी अंड्यापासूनच होतात असं हार्वेने १६५१ मध्ये आपल्या ग्रंथात मांडलं खरं, पण त्याच्या मनातलं अंडं गर्भाशयात तयार होत होतं. स्त्रीच्या त्या तथाकथित वृषणांचा यात काही संबंध नाही, असंच त्याला वाटलं.

एवढ्या मोठ्या माणसाने एवढं पाहून काढलेला हा निष्कर्ष. त्याच्या विरोधात जायला तितकाच भक्कम पुरावा लागणार होता.

शूनहोव्हनचा मुलगा, लायडनचा विद्यार्थी

रेनियर द ग्राफचा जन्म ३० जुलै १६४१ रोजी नेदरलँड्समधल्या शूनहोव्हन या गावी झाला. वैद्यकीचं शिक्षण त्याने आधी उट्रेख्टला आणि मग लायडनला घेतलं. लायडनमधली ती बॅच विलक्षण होती. कीटकांच्या अभ्यासाने पुढे गाजलेला यान स्वामरडाम तिथेच शिकत होता. खडकांच्या थरांचं शास्त्र घालून देणारा डॅनिश विद्यार्थी नील्स स्टेन्सनही तिथेच होता. ही तीन नावं लक्षात ठेवा, पुढे त्यांचीच गाठ पडणार आहे.

लायडनला त्याचे गुरू होते फ्रान्सिस्कस सिल्व्हियस. शरीरातली पचनासारखी कामं आम्ल आणि अल्कली यांच्या खेळातून होतात, असं सिल्व्हियस यांचं म्हणणं. ते तपासायचं तर स्वादुपिंडाचा रस हवा, आणि जिवंत प्राण्यातून तो बाहेर काढणं कठीण. ग्राफने बदकाच्या पिसाची पोकळ दांडी घेतली, ती कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या नळीत बसवली आणि दुसऱ्या टोकाला छोटी बाटली लावली. रस थेंब थेंब बाटलीत जमा झाला. १६६४ मध्ये त्याने हे छापलं तेव्हा तो अवघ्या तेवीस वर्षांचा होता.

युक्ती अप्रतिम होती. निष्कर्ष मात्र चुकला. रस आम्लधर्मी आहे असं त्याने लिहिलं. गुरूंच्या सिद्धान्ताला तेच हवं होतं. प्रत्यक्षात स्वादुपिंडाचा रस अल्कलीधर्मी असतो. तेव्हा ही तपासणी चव घेऊन व्हायची, त्यामुळे जे अपेक्षित आहे तेच जिभेला लागण्याचा धोका असायचा. मी हा तपशील मुद्दाम सांगतोय. आठ वर्षांनी याच माणसाने जे काम केलं, त्यात चवीसारख्या मोघम गोष्टीला जागाच नव्हती. तिथे होते आकडे.

डेल्फ्ट आणि पिचकारी

१६६५ मध्ये त्याने फ्रान्समधल्या ॲन्जेर विद्यापीठाची डॉक्टरची पदवी घेतली आणि काही काळाने तो डेल्फ्ट या शहरात स्थायिक झाला. ग्राफ कॅथलिक होता आणि तेव्हाच्या डच प्रजासत्ताकात प्रोटेस्टंटांचं वर्चस्व होतं. कॅथलिक माणसाला विद्यापीठात प्राध्यापकाची जागा मिळणं जवळपास अशक्य. म्हणून हा हुशार संशोधक खाजगी डॉक्टर म्हणून रोगी तपासायचा आणि उरलेल्या वेळात स्वतःचं संशोधन करायचा. ना प्रयोगशाळा, ना पगारी मदतनीस.

पण साधनं बनवायची हौस होती. अवयवांमधल्या बारीक नळ्या कुठून कुठे जातात हे पाहायला त्याने एक खास पिचकारी तयार केली. तिने रंगीत द्रव किंवा पारा नळीत सोडायचा आणि तो कुठवर पोचतो ते बघायचं. आजच्या एक्स-रे तपासणीत रंगद्रव्य टोचून रक्तवाहिन्या पाहतात, त्यामागचा विचार हाच. १६६८ मध्ये त्याने पुरुषाच्या प्रजनन अवयवांवर पुस्तक काढलं. वृषण म्हणजे मांसाचा गोळा नसून बारीक नळ्यांचं भेंडोळं आहे, हे त्यात त्याने दाखवलं. त्याच वर्षी या पिचकारीवरही त्याने लिहिलं.

मग तो स्त्रीच्या अवयवांकडे वळला.

सशांचं टाइम-लॅप्स

अंडाशयावर पाणीदार फोड दिसतात हे ग्राफच्या आधीही अनेकांनी पाहिलं होतं. स्टेन्सनने तर १६६७ मध्ये स्पष्ट लिहिलं होतं की स्त्रीचं वृषण म्हणतात ते खरं म्हणजे अंडाशयच असणार. शार्कच्या कुळातल्या, पिल्लांना जन्म देणाऱ्या एका माशाची चिरफाड करून तो त्या मताला आला होता. पण असणार आणि आहे यात फरक असतो. त्या फोडांचा आणि गर्भाचा संबंध आहे, हे दाखवायचं कसं?

ग्राफने ससे घेतले. मादीचा समागम झाला की वेळ नोंदवायची. मग एका मादीची चिरफाड अर्ध्या तासाने, दुसरीची सहा तासांनी, तिसरीची एक दिवसाने, पुढची दोन दिवसांनी, मग तीन दिवसांनी, आणि अशीच पुढे गर्भ स्पष्ट दिसू लागेपर्यंत. प्रत्येक वेळी अंडाशय, नळी आणि गर्भाशय तिन्ही तपासायचं आणि काय दिसलं ते लिहायचं.

तुमच्या फोनमध्ये टाइम-लॅप्स असतं ना? दर काही सेकंदांनी एक फोटो, मग सगळे जोडून व्हिडिओ. ग्राफने तेच केलं. फरक एवढाच की त्याची प्रत्येक फ्रेम म्हणजे एक वेगळी सशीण होती, आणि फ्रेम घ्यायची म्हणजे तिचा जीव घ्यायचा. आज अशा प्रयोगाला नैतिक समितीची परवानगी लागेल आणि पर्यायही शोधावे लागतील. तेव्हा जिवंत प्राण्याच्या आत पाहायचा दुसरा मार्ग नव्हता.

फ्रेम जोडल्यावर चित्र असं दिसलं. अर्ध्या तासाने विशेष बदल नाही. सहा तासांनी फोड लालसर. त्यानंतरच्या फ्रेममध्ये त्यातले काही फुटून रिकामे झालेले. तीन दिवसांनी नळीत आणि गर्भाशयात बारीक, पारदर्शक, गोल कण. आणखी काही दिवसांनी गर्भ. आणि रिकाम्या झालेल्या फोडांच्या जागी अंडाशयावर टणक गाठी. त्यांना आज आपण पीतपिंड म्हणतो.

आता मोजणी. अंडाशयावर फुटलेले फोड किती? खाली नळीत आणि गर्भाशयात सापडलेले कण किंवा गर्भ किती? हे दोन आकडे तो जुळवत गेला. सुरुवातीच्या कणांमधला एखादा हाताला लागायचा नाही, पण गर्भ मोठे झाल्यावर हिशोब लागायचा. डाव्या अंडाशयाचा हिशोब डाव्या बाजूशी, उजव्याचा उजव्या बाजूशी.

यातली ताकद ओळखा. अंड्याला अंडाशयातून सुटताना त्याने पाहिलं नाही. पण वर जेवढी घरं रिकामी, खाली तेवढेच पाहुणे. पाहुणे कुठून आले हे सांगायला आणखी साक्षीदार कशाला हवा?

ससा निवडल्याचा त्याला मोठा फायदा झाला. बहुतेक प्राण्यांत अंडं ठरावीक दिवसांच्या चक्राने सुटतं. सशिणीत मात्र समागम हाच ट्रिगर असतो. त्यानंतर मेंदूतून संप्रेरकांचा इशारा निघतो आणि साधारण १० ते १२ तासांत अंडी सुटतात. म्हणजे समागमाची वेळ माहीत असेल तर घड्याळ आपोआप शून्यावर लागतं. हे कारण संप्रेरकांचा शोध लागल्यावर, विसाव्या शतकात उलगडलं.

एक आकडा जुळत नव्हता

संख्या जुळली, पण आकार जुळेना. नळीत सापडलेले कण अंडाशयावरच्या फोडांपेक्षा साधारण दहापट लहान होते. फोड हेच अंडं असेल, तर ते खाली उतरताना आकसलं कसं?

इथे एखाद्याने हा तपशील गाळला असता. ग्राफने तो छापला. वर स्पष्टीकरणही दिलं: अंडाशयात असताना त्या गोळ्यात अंड्याबरोबर दुसरंही द्रव्य असतं, आणि बाहेर पडतं ते त्यापेक्षा लहान असतं. फोडांना तो अंडी म्हणत राहिला तरी हे उत्तर सत्याच्या अगदी जवळचं होतं. आज आपल्याला माहीत आहे की फॉलिकल म्हणजे बहुतांश पाणी आणि पेशींचं अस्तर, आणि त्यात कुठेतरी भिंतीला चिकटलेलं, मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढं बीजांड.

श्रेयाचं भांडण

१६७२ मध्ये स्त्रीच्या प्रजनन अवयवांवरचं त्याचं पुस्तक प्रसिद्ध झालं. डच इतिहासात हे आपत्तीचं वर्ष म्हणून ओळखलं जातं. फ्रान्स आणि इंग्लंड या दोघांनी एकाच वेळी युद्ध पुकारलं होतं. त्याच वर्षी ग्राफचं मारिया फान डाइक हिच्याशी लग्न झालं. त्यांना मुलगा झाला, पण तो महिनाभरातच गेला.

त्यात जुना सहाध्यायी स्वामरडाम चिडून उठला. त्याने आणि लायडनचे प्राध्यापक योहानेस फान हॉर्ने यांनी याच विषयावर आधी काम केलं होतं आणि ग्राफने श्रेय पळवलं, असा त्याचा आरोप. फान हॉर्ने तोवर वारले होते. स्वामरडामने स्वतःचं पुस्तक लंडनच्या रॉयल सोसायटीला अर्पण करून पाठवलं आणि न्याय मागितला. ग्राफने १६७३ मध्ये बचावाचं पुस्तक काढलं. दोघांचीही भाषा कडवट झाली.

सोसायटीने निकाल दिला तो दोघांच्याही विरोधात: ही कल्पना पहिल्यांदा मांडण्याचा मान स्टेन्सनचा. मला हा निकाल कल्पनेपुरता बरोबर वाटतो. स्टेन्सनने आधी म्हटलं होतं, यात शंका नाही. पण म्हणणं वेगळं आणि तासातासाच्या नोंदी ठेवून मोजून दाखवणं वेगळं. निकाल आला तेव्हा ग्राफ तो ऐकायला जिवंत नव्हता.

शेवटचं पत्र

या भांडणाच्या ऐन मध्यात, एप्रिल १६७३ मध्ये, ग्राफने रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांना एक पत्र लिहिलं. इंग्लंड आणि नेदरलँड्स यांच्यात युद्ध चालू होतं, तरी पत्रं जात होती. या पत्रात स्वतःच्या बचावापलीकडची एक गोष्ट होती: डेल्फ्टमधल्या एका कापड व्यापाऱ्याची शिफारस. हा माणूस आजवर पाहिलेल्या सूक्ष्मदर्शकांपेक्षा सरस भिंगं घासतो, त्याची निरीक्षणं पाहावीत, असा त्याचा आशय. सोबत बुरशी, मधमाशी आणि ऊ यांच्यावरच्या त्या व्यापाऱ्याच्या नोंदी जोडल्या होत्या.

त्या व्यापाऱ्याचं नाव अँटनी फान लेव्हनहुक. त्याच्याकडे कुठलीही पदवी नव्हती आणि त्याला लॅटिन येत नव्हतं. ग्राफने ओळख करून दिली नसती तर लंडनमध्ये त्याला कोणी विचारलं असतं का, ही शंकाच आहे. त्या पत्रानंतर लेव्हनहुक पन्नास वर्षं सोसायटीला लिहीत राहिला आणि जिवाणूंचं जग त्याने माणसाला दाखवलं.

पत्र गेल्यानंतर चार महिन्यांच्या आत, १७ ऑगस्ट १६७३ रोजी, ग्राफ वारला. वय बत्तीस. डेल्फ्टच्या जुन्या चर्चमध्ये त्याला पुरलं. पुढे चित्रकार फर्मीर आणि स्वतः लेव्हनहुक हेही त्याच चर्चमध्ये विसावले.

मग अंडं सापडलं कधी?

विचित्र योगायोग पाहा. अंडं असलेली पिशवी ज्याला सापडली आणि ते दिसेल असं भिंग ज्याच्याकडे होतं, ते दोघे एकाच गावात राहत होते. तरी अंडं सापडलं नाही. उलट १६७७ मध्ये लेव्हनहुकला वीर्यात वळवळणारे शुक्राणू दिसले आणि तो पलीकडच्या टोकाला गेला: जीव शुक्राणूतच असतो, अंड्याचं काही काम नाही. ग्राफची ती एवढी मोठी अंडी एवढ्या अरुंद नळीत शिरतील कशी, हा त्याचा आक्षेप. म्हणजे ज्याची शिफारस केली, त्यानेच ग्राफचं म्हणणं खोडायचा प्रयत्न केला. आणि त्या आक्षेपाचं अर्धं उत्तर ग्राफने आधीच छापून ठेवलं होतं.

पुढे अठराव्या शतकात आल्ब्रेख्त फॉन हालर या स्विस वैद्याने त्या पिशव्यांना ग्राफचं नाव जोडलं. प्रत्यक्ष अंडं दिसलं १८२७ मध्ये. कोनिग्सबर्गला कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर कुत्रीचं अंडाशय तपासत होता. त्याला एका फॉलिकलमध्ये पिवळसर ठिपका दिसला. त्याने तो काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. ग्राफच्या मृत्यूला तेव्हा १५४ वर्षं झाली होती.

हाच प्रयोग घोडीवर केला असता तर?

आता पुन्हा त्या ४० मिलिमीटरच्या काळ्या गोलाकडे येऊ. फॉलिकल एवढं मोठं असेल तर ग्राफने ससा सोडून घोडी घ्यायला हवी होती, असं कोणालाही वाटेल. साधारण मापं बघा:

- सशीण: फुटायच्या वेळी दीड ते दोन मिलिमीटर
- गाय: साधारण १५ मिलिमीटर
- बाई: साधारण २० मिलिमीटर
- घोडी: ४० ते ४५ मिलिमीटर, म्हणजे जवळपास लिंबाएवढं

पण घोडीने ग्राफला तीनदा फसवलं असतं.

पहिली फसवणूक जागेची. इतर प्राण्यांत फॉलिकल अंडाशयाच्या पृष्ठभागावर कुठेही फुटतं आणि खूण वरून दिसते. घोडीचं अंडाशय जणू उलटं शिवलेलं असतं. फॉलिकल तयार करणारा भाग आत आणि रक्तवाहिन्यांचा भाग बाहेर. अंडं सुटतं ते फक्त एका खाचेतून. पीतपिंडही आतच राहतो. वरून पाहून फुटलेली घरं मोजणार कशी?

दुसरी फसवणूक नळीतली. बहुतेक प्राण्यांत अंडं फळलेलं असो वा नसो, ते नळीतून पुढे सरकतं. घोडीत फळलेला गर्भच पुढे जातो. तो प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचं रसायन सोडतो, त्याने नळी सैल होते आणि साधारण सहाव्या दिवशी तो गर्भाशयात पोचतो. न फळलेली अंडी मात्र नळीतच अडकतात आणि महिनोनमहिने तिथे राहू शकतात. म्हणजे नळीत सापडलेलं अंडं आजचं की दोन महिन्यांपूर्वीचं, कळणार नाही.

तिसरी फसवणूक पीतपिंडांची. गाभण घोडीत साधारण पाच-सहा आठवड्यांनी गर्भाशयाच्या अस्तरात खास पेशींचे गट तयार होतात आणि एक संप्रेरक सोडतात. त्याच्या प्रभावाने अंडाशयात आणखी पीतपिंड बनतात. पोटात शिंगरू एकच, पण पीतपिंड चार-पाचही असू शकतात. ग्राफचा वर-खाली जुळवायचा हिशोब इथे पार कोलमडला असता.

हरिणीने हार्वेला चकवलं आणि सशिणीने ग्राफला साथ दिली. प्रयोगात कोणता प्राणी घेतला, यावर उत्तर किती ठरतं ते यातून दिसतं.

आजची स्क्रीन काय दाखवते, काय नाही

घोडीचं कोडं सुटायला वेगळं साधन लागलं. १९८० मध्ये फ्रान्समधल्या पामर आणि ड्रियांकूर या संशोधकांनी घोडीच्या अंडाशयाच्या सोनोग्राफीवर काम प्रसिद्ध केलं आणि जनावरांच्या प्रजननात हे तंत्र वेगाने पसरलं. घोडीच्या गुदाशयातून प्रोब आत नेतात, अंडाशय तिथून काही सेंटिमीटरवरच असतं. प्रोबमधले स्फटिक ध्वनिलहरी सोडतात आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकतात. पेशींच्या थरांवरून प्रतिध्वनी येतो, तिथे राखाडी दिसतं. पाण्यातून येत नाही, म्हणून फॉलिकल काळं दिसतं.

यामुळे ग्राफला न जमलेली गोष्ट जमली: एकच जिवंत प्राणी, रोज एक फ्रेम. घोडीचं चक्र सुमारे २१ ते २२ दिवसांचं. त्यात अनेक फॉलिकल एकत्र वाढायला लागतात. सर्वांत मोठं २२-२३ मिलिमीटरच्या आसपास पोचलं की ते पुढे निघून जातं आणि बाकीची मागे पडतात. पुढे जाणारं दिवसाला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. घोडी पाच ते सात दिवस माजावर असते आणि अंडं सुटतं ते माज संपण्याच्या एक-दोन दिवस आधी. रोजचं माप घेतलं तर योग्य दिवस पकडता येतो.

थंडीत दिवस लहान असतात तेव्हा थंड प्रदेशातल्या बऱ्याच घोड्यांची ही यंत्रणा बंदच असते. दिवस मोठा झालाय हे त्यांच्या मेंदूला डोळ्यांतून कळतं, मेलाटोनिन कमी होतं आणि चक्र सुरू होतं. म्हणून परदेशातल्या काही अश्वपैदास केंद्रांत घोडीच्या एका डोळ्यावर निळ्या एलईडीचा मास्क लावतात. रात्री फोनच्या निळ्या प्रकाशाने तुमची झोप लांबते ना, त्यातही हेच मेलाटोनिन असतं.

आपल्याकडेही हे तंत्र पोचलं आहे. २०२३ मध्ये राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर येथील शाखेत भ्रूण प्रत्यारोपणातून मारवाडी जातीचं शिंगरू जन्मलं. एका घोडीच्या गर्भाशयातून आठवडाभराचा भ्रूण धुऊन काढायचा आणि दुसऱ्या घोडीत ठेवायचा, अशी ही पद्धत. भ्रूण काढायचा दिवस ठरतो तो अंडं कधी सुटलं त्यावरून, आणि ते सांगते सोनोग्राफी.

पण आता थोडं गणित करा. सोनोग्राफीची लहर ५ मेगाहर्ट्झची असेल आणि शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर धरला, तर एका लहरीची लांबी होते ०.३ मिलिमीटर. बीजांड आहे ०.१ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे ते लहरीपेक्षाही लहान. तबेल्यातल्या चांगल्या मशीनवरही अंडं दिसत नाही. काळा गोल काल होता, आज नाही, म्हणजे अंडं सुटलं, असा डॉक्टर अंदाज बांधतात. भ्रूण धुऊन काढल्यावर तो शोधायला सूक्ष्मदर्शक लागतोच.

थोडक्यात, आजही काम दोन टप्प्यांत चालतं. आधी ग्राफच्या पद्धतीने घर रिकामं झालं का ते बघायचं आणि मग लेव्हनहुकच्या वाटेने भिंगाखाली पाहुणा शोधायचा. डेल्फ्टमधली ती दोन माणसं जिवंतपणी एकत्र येऊन अंडं शोधू शकली नाहीत. त्यांची साधनं आता एकाच टेबलावर असतात.

यातून आपण काय घ्यायचं?

ग्राफचा शोध अपुरा होता असं म्हणता येईल, कारण त्याने डब्यालाच वस्तू म्हटलं. तरीही त्या डब्यावर त्याचं नाव टिकलं आणि मला ते रास्त वाटतं. तरुणपणी तो गुरूच्या मताला हवी ती चव घेऊन आला होता. आठ वर्षांनी त्याने वेळ लिहिली, संख्या लिहिली आणि जी गोष्ट आपल्याच मताला अडचणीची होती तीही लिहिली. तो दहापटीचा फरक त्याने लपवला असता तर कोणाला कळलं नसतं. पण मग फॉलिकलच्या आत आणखी काहीतरी लहान शोधायला हवं, हा धागाही कोणाच्या हाती लागला नसता.

तुमच्या घरातल्या कोणाच्या रिपोर्टवर पुढे कधी फॉलिकलचं माप दिसलं, तर एवढं लक्षात ठेवा: तो आकडा अंड्याचा नाही, त्याच्या घराचा आहे. ते घर बत्तीस वर्षं जगलेल्या एका डॉक्टरने सशांच्या पोटात मोजून शोधलं होतं.